चार तासांचं गणित आणि मुंबईची हवा

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. नाव नोंदवल्याचं कळलं की पहिल्यांदाच पूर्ण अंतर पळणाऱ्याला ऑफिसात, लोकलमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सगळे एकच विचारतात: ‘कितीत पळणार?’ उत्तर बहुतेकदा गोल आकड्यात येतं, आणि त्यातही ‘चार तास’ हा आकडा सगळ्यांचा लाडका. ४२.१९५ किलोमीटर चार तासांत म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. हा पेस मनगटावरच्या घड्याळात भरला जातो आणि पुढचे काही महिने माणूस त्याच्यामागे धावत राहतो.

गोल आकड्याची ओढ किती तीव्र असते, हे मोजलंही गेलं आहे. अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांच्या जवळजवळ एक कोटी वेळांच्या नोंदी तपासल्या आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन तास, साडेतीन तास, चार तास या आकड्यांच्या जरा आधी धावपटूंची दाटी दिसते आणि आकडा ओलांडला की ती एकदम विरळ होते. चार तास हुकतील असं दिसलं की थकलेला माणूसही शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये कुठून तरी वेग काढतो. मला हे फार हृद्य वाटतं. पण गोल आकडा घड्याळात असतो, शरीरात नसतो. शरीर दोनच हिशेब ठेवतं, इंधनाचा आणि उष्णतेचा. मुंबईत दुसरा हिशेब पहिल्यापेक्षा कडक आहे, आणि पहिल्या मॅरेथॉनचं लक्ष्य ठरवताना नेमका तोच विसरला जातो.

आकडे समोर असावेत म्हणून ६० किलो वजनाची एक धावपटू डोळ्यांपुढे आणू. तिची हाफ मॅरेथॉन दोन तासांत होते. फुल कितीत होईल? इंटरनेटवरच्या बऱ्याच कॅल्क्युलेटरांच्या मुळाशी पीट रीगल या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये मांडलेलं सूत्र आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडी जास्त, सुमारे २.०८५ पट होते, असं ते सांगतं. त्यानुसार तिची वेळ ४ तास १० मिनिटं येते. मग मनात येतं, थोडा जोर लावला तर चार तासांत का नाही?

हौशी धावपटूंच्या बाबतीत हे सूत्र मॅरेथॉनच्या अंतराला आशावादी ठरतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्या धावपटूंसाठी सूत्राची वेळ किमान दहा मिनिटांनी कमी निघाली. लहान अंतरांना बरोबर येणारं सूत्र इथेच का चुकतं? कारण हाफपर्यंत साखर पुरते. पुढे ती पुरवावी लागते.

सपाट रस्त्यावर पळताना दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे आपल्या धावपटूला पूर्ण अंतरासाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतील. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर असते साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे २,००० किलोकॅलरींच्या आसपास. त्यातली सगळी कामाची नसते, कारण स्नायू आपलं ग्लायकोजेन रक्तात ग्लुकोज म्हणून सोडू शकत नाही. त्यासाठी लागणारं एन्झाइम यकृतात असतं, स्नायूत नसतं. दंडातला साठा पोटरीच्या थेट उपयोगी पडत नाही. चरबी मात्र मुबलक आहे: अंगावरची दहा किलो चरबी म्हणजे सत्तर हजारांहून जास्त किलोकॅलरी. ग्लायकोजेन ही खिशातली रोकड आणि चरबी ही बँकेतली मुदत ठेव. ठेव मोठी आहे, पण ती मोडायला वेळ लागतो. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनमधून चरबी साखरेपेक्षा कमी ऊर्जा देते. वेग वाढवला की शरीर साखरेकडे वळतं, वेग कमी केला की चरबीचा वाटा वाढतो.

म्हणून चार तास आणि साडेचार तास यांत एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच लागली, तरी ती कशातून येते हे बदलतं. साडेचार तासांचा पेस आहे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. फरक ४३ सेकंदांचा. एवढ्या फरकावर साखर शिवाजी पार्कपाशी संपते की चर्चगेटपाशी, हे ठरू शकतं. तीस किलोमीटरच्या पुढे कुठेतरी पाय शिशाचे होतात, डोकं बधिर होतं, अवसान गळतं. धावपटू याला ‘वॉल’ म्हणतात. त्यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नसतो. स्नायूतलं ग्लायकोजेन तळाला गेलेलं असतं आणि मेंदूला लागणारं ग्लुकोजही यकृताकडून धड येत नसतं.

हे कळलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. १९६६ मध्ये योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकाने फक्त एका पायाने पेडल मारलं, पाय थकेपर्यंत. दुसरा पाय विश्रांतीला. मग सुई टोचून दोन्ही मांड्यांमधून स्नायूचे बारीक तुकडे काढले. थकलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळपास संपलं होतं, दुसऱ्यातलं जागच्या जागी होतं. पुढचे तीन दिवस त्यांनी पिठूळ, साखरेचं अन्न भरपूर खाल्लं, तर थकलेल्या पायात साठा दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला. आजच्या कार्ब लोडिंगचा, म्हणजे शर्यतीआधी भरपूर कर्बोदकं खाऊन साठा वाढवण्याचा, उगम या दोन जोड्या पायांत आहे.

मुंबईत या लोडिंगची वेळ मोठी छान जुळून येते. मॅरेथॉनच्या आधीच्या दिवसांतच संक्रांत असते आणि घरात गुळपोळ्या झालेल्या असतात. आधीच्या दीड-दोन दिवसांत वजनाच्या दर किलोमागे रोज दहा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं घ्यावीत, असं क्रीडा-आहारतज्ज्ञ सांगतात. आपल्या धावपटूसाठी ते होतात दिवसाला ६०० ग्रॅम. नुसत्या भातातून ते जमणार नाही, दोन किलोंहून जास्त शिजलेला भात लागेल. भात, पोहे, बटाटा, केळी, गूळ, सरबत असं दिवसभर थोडं थोडं घेतलं तर जमतं. ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तिप्पट वजनाचं पाणी साठवतं, तेव्हा शनिवारी काटा किलोभर पुढे गेला तर घाबरायचं कारण नाही. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जायला हवी. पळताना चोखायच्या साखरेच्या घट्ट पाकाच्या पुडीत, म्हणजे एका जेलमध्ये, साधारण २० ते ३० ग्रॅम असते, मध्यम केळ्यात २५ च्या आसपास. पोटाला त्याची सवय लाँग रनमध्येच लावावी लागते, शर्यतीच्या दिवशी नवीन काही नको.

इंधनाचा हिशेब जगात कुठेही हाच असतो. उष्णतेचा हिशेब मात्र जागेप्रमाणे बदलतो.

पळताना खर्च झालेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होतो. साडेचार तासांच्या पेसने आपल्या धावपटूच्या शरीरात तासाला ४३० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता तयार होईल, चार तासांच्या पेसने ४९० च्या घरात. ही बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घामाची वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे पाऊण लिटर घाम पुरायला हवा. अट एकच, त्याची वाफ झाली पाहिजे. कोपरावरून ठिबकलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता तेवढी मागे ठेवतो. डिसेंबरच्या पहाटे शिवाजी पार्कला लाँग रन संपवून कट्ट्यावर टेकलेल्यांकडे बघा: टी-शर्ट पिळून निघेल असा, मोजे चपचपीत, काळ्या शॉर्ट्सवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. यांतला बराच घाम गार न करताच गेलेला असतो.

जानेवारीत मुंबईचं किमान तापमान सांताक्रूझला सरासरी १७ अंशांच्या आसपास असतं, कुलाब्याला दोनेक अंश जास्त. आपल्याला ही थंडी वाटते. पण पॅरिस, लंडन, बर्लिन, बॉस्टन, शिकागो आणि न्यू यॉर्क या सहा मॅरेथॉनच्या दहा वर्षांच्या आकडेवारीवरचा २०१२ चा एक अभ्यास सांगतो की सगळ्यात चांगल्या वेळा दहा अंशांच्या आतल्या तापमानाला येतात. आपली सर्वांत गार पहाटसुद्धा शरीराच्या दृष्टीने उबदार आहे. त्यात साडेचार तासांचा धावपटू पाचच्या सुमाराला निघून साडेनऊला पोचतो. सूर्य सव्वासातला उगवतो, म्हणजे शर्यतीचा दुसरा अर्धा भाग उन्हात.

आठ-नऊ वाजता मोबाइलवर आर्द्रता ८० टक्क्यांवरून ६० वर आलेली दिसते आणि हवा कोरडी झाली असं वाटतं. ते खरं नाही. हवेत वाफ जवळपास तेवढीच असते. हवा तापल्यामुळे तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते आणि टक्का खाली येतो. म्हणून धावपटूने टक्क्यापेक्षा दवबिंदूचं तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते, बघावं. ते जितकं वर, तितका घाम सुकायला कठीण.

घाम सुकला नाही की शरीर जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं. त्याच वेळी घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत असतं. हृदयाच्या एका ठोक्यात जाणारं रक्त घटतं, म्हणून पेस तोच ठेवला तरी ठोके चढत जातात. पहिल्या तासात सहज वाटलेला ५:४१ चा पेस तिसऱ्या तासात त्याच शरीराला हाफच्या शर्यतीइतका जड पडतो. वाढलेल्या तापमानात स्नायू साखरही जास्त जाळतात. उष्णतेचा हिशेब चुकला की इंधनाचाही चुकतो.

हे फक्त हौशी लोकांना लागू नाही. इथिओपियाच्या हायले लेमी बेऱ्हानूने २०१६ मध्ये दुबईत २ तास ४ मिनिटं ३३ सेकंदांची वेळ दिली होती. २०२३ मध्ये तो मुंबईत जिंकला आणि इथला विक्रमही त्याने मोडला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत. सात वर्षांनी वाढलेलं वय, वेगळा मार्ग, सोबत ठरलेला वेग राखून धावणारे पेसर हे सगळं धरलं तरी त्याच्या पातळीवर तीन मिनिटं म्हणजे फार मोठं अंतर आहे.

घाम जातो म्हणून भरमसाट पाणी प्यावं, असंही नाही. बॉस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालं होतं. शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यालेले, आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ पळणारे यांत अधिक होते. पहिल्यांदा पळणारे बहुतेक याच गटात मोडतात. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून बघावं. किलोभर कमी झालं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. शेवटी थोडं वजन कमी भरणं चालतं, वाढलेलं चालत नाही.

आता पेडर रोड. मार्गात अधूनमधून बदल होतात, पण हाजीअलीकडून परतताना, तीस किलोमीटर उलटल्यावर भेटणारा हा चढ मुंबईच्या मॅरेथॉनची जुनी ओळख आहे. चढ म्हणाल तर एरवी टॅक्सीत कळतही नाही. पण तिथे पोचेपर्यंत साखर तळाला, ठोके वर आणि ऊन डोक्यावर आलेलं असतं. दुतर्फा उभे राहून संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ-साखर पुढे करणारे लोक तिथे खरोखर कामाला येतात, आणि फक्त मायेपोटी नाही. २००४ मधल्या एका प्रयोगात सायकलपटूंनी कर्बोदकांचं द्रावण नुसतं तोंडात घोळवून थुंकलं, तरी तासाभराच्या चाचणीत ते जवळपास तीन टक्के जास्त वेगाने गेले. तोंडातले संवेदक मेंदूला साखर येत असल्याची वर्दी देतात आणि मेंदू हात थोडा सैल सोडतो.

उत्तरार्धातल्या घसरणीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनमधल्या सुमारे ९२ हजार नोंदींत पुरुषांचा वेग दुसऱ्या अर्ध्यात सरासरी १५.६ टक्क्यांनी घटला, स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी. स्त्रियांचं शरीर त्याच श्रमाला चरबी थोडी जास्त वापरतं, हे एक कारण असावं. दुसरं बहुधा सुरुवातीचा संयम. मरीन ड्राइव्हवर अंधारात, गार वाऱ्यात, ढोल-ताशांच्या आवाजात पहिले पाच किलोमीटर कुणालाही सोपे वाटतात. तिथे कमावलेलं एक मिनिट पेडर रोडवर पाच मिनिटं घेऊन जातं, असं मी कितीतरी धावपटूंच्या स्प्लिटमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळांमध्ये, पाहिलं आहे.

तेव्हा लक्ष्य नाव नोंदवताना ठरवूच नये. पावसाळा आणि ऑक्टोबरची उकाड्याची पहाट आधी अंगावर घ्यावी. उष्णतेत आठवडा-दोन आठवडे नियमित पळलं की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्या महिन्यांत घड्याळातला पेस मंदच दिसेल, दिसू द्यावा. मग डिसेंबरच्या उत्तरार्धात पहाटे पाचला निघून ३० किलोमीटरची एक लाँग रन करावी, शर्यतीत घेणार तेच जेल घेऊन, ठरवलेल्या पेसने. पहिल्या तासाचे ठोके आणि शेवटच्या तासाचे ठोके शेजारी मांडावेत. पेस तोच असून ठोके पंधरा-वीसने चढले असतील, तर तो पेस मुंबईच्या हवेत आपला नाही.

आपल्या धावपटूने हे केलं तर ती चार तासांच्या नव्हे, साडेचार तासांच्या बसमध्ये उभी राहील, असा माझा अंदाज आहे. पेसरच्या मागे एकत्र धावणाऱ्या घोळक्याला इथे बस म्हणतात. पहिल्या हाफला तिला ती बस फार सावकाश वाटेल, पण तिने ती सोडू नये. केम्प्स कॉर्नर ओलांडून रस्ता उताराला लागला आणि पायांत जीव असला, तर शेवटच्या पाच-सहा किलोमीटरसाठी बस सोडून पुढे जायला हरकत नाही. तेवढ्यात दोन-तीन मिनिटं सहज मिळतात. याच तयारीवर आठ-दहा अंशांच्या एखाद्या शहरात ती ४:१५ च्या आसपास पोचू शकेल. मुंबईत तिचं उत्तर ४:२७ असेल, आणि ती पूर्ण ताकदीने पळून मिळवलेली वेळ असेल.