सांगली-साताऱ्याची वर्षाची चटणी : पार्श्वभूमी

‘चटणी झाली का यंदाची?’ असं चैत्रात आमच्याकडं कुणी विचारलं, तर ते ताटाच्या डाव्या बाजूबद्दल बोलत नसतं. विषय बरणीचा असतो. घरातली माणसं, येणारे-जाणारे, परगावी जाणाऱ्या पिशव्या असा सगळा हिशेब करून एकदाच कुटायची आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायची ती चटणी.

मिरची मूळची इथली नव्हेच. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली आणि नावसुद्धा मिरीवरून घेऊन बसली. त्याआधी तिखटाचं काम मिरी, पिंपळी आणि आलं करत. भुईमूगही अमेरिकेतलाच. ‘वाडवडलांपासूनची’ म्हणून मिरवली जाणारी चटणी आणि रश्श्यातला शेंगदाण्याचा कूट, दोघांचंही वय इथं पाचशे वर्षांच्या आतलं. एवढं पुरे, खरा गुंता नावाचा आहे.

चाटायची ती चटणी. मग कोरड्या भुकटीला हे नाव कसं चिकटलं? मला पटणारं उत्तर असं, की कालवण नसेल त्या दिवशी याच भुकटीवर कच्चं तेल ओतून ती भाकरीबरोबर खाल्ली जायची. आमटीत पडली तर मसाला, तेलात कालवली तर तोंडीलावणं. बरणी एकच, मग नावं दोन कशाला?

पुण्याकडचं ‘तिखट’ म्हणजे नुसती मिरचीपूड. आमच्या चटणीत धने, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी, हळकुंड, वाळवून तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठ असं सगळं जातं. या दोन शब्दांची अदलाबदल केली की पुण्याच्या सुनेची पहिली आमटी फसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यात ‘येसूर’ने आणखी घोळ घातला. काही घरांत येसूर म्हणजे हीच चटणी. काही घरांत ते भाजलेल्या धान्याचं आणि डाळीचं मसाला घालून दळलेलं पीठ, रस्सा दाट करायला. माझी आई माणातली, दिली खानापुरात. सासूबाई म्हणाल्या, ‘येसूर टाक कालवणात.’ आईनं पिठाचा डबा शोधायला अर्धं घर उचकलं. चटणीची बरणी समोरच होती. शेवटी तिनं ज्वारीचं पीठ भाजून टाकलं. त्या दिवशीचं कालवण सगळ्यांना आवडलं, पण हे आजीनं कबूल केलं ते पुष्कळ वर्षांनी.

‘घाटी मसाला’ हे नाव खालून आलं, मुंबई-कोकणातून, आणि ‘घाटी’ म्हणताना तिथं नाक थोडं मुरडलेलंच असायचं. आज तोच शब्द पाकिटावर ठसठशीत छापतात. पण मला खटकतं ते ‘कांदा-लसूण मसाला’ हे नाव. पाकिटं दुकानात आली तेव्हा चटणी म्हटलं तर शहरातल्या गिऱ्हाइकाला कळणार नाही, म्हणून हे नाव पुढं केलं असावं. व्यापाऱ्याच्या दृष्टीनं बरोबरच असेल. पण माळकरी घरांत कांदा-लसणाशिवायची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. इतरांकडंही आषाढात कांदेनवमी झाली की चातुर्मासासाठी वेगळी छोटी बरणी निघायची. नावातच कांदा-लसूण घातल्यावर ही बरणी हिशेबातून गेली. माझी मावशी आजही दुकानात ‘बिनकांद्याचा कांदा-लसूण मसाला आहे का’ असं विचारते आणि पोरं हसतात.

घरातल्या आठवणी बहुतेक १९७२च्या अलीकडच्याच. त्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतली माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला, कामावर सुकडी, म्हणजे तयार पौष्टिक पीठ, मिळाली. आजीनं त्या साली खोबरं, तीळ, कांदा काहीच न घालता मिरची, मीठ आणि थोडे धने एवढंच कुटलं. पुढं कुणाची चटणी फिकी झाली की ती म्हणायची, ‘बहात्तरची केलीस की गं!’

चटणी मुंबईलाही जायची. गिरणीत असलेला धाकटा चुलता खाणावळीत जेवायचा, पण कोनाड्यात गावाकडची पिशवी असायची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, चुलता परत आला आणि आजीनं त्या साली मिरची जास्त घेतली नाही. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले मात्र सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेले. त्यांच्या पिशव्या अजून बंद झाल्या नाहीत, फक्त आता ट्रॅव्हल्सनं जातात.

मिरची पहिल्यापासून बहुतेक सीमेपलीकडची, कर्नाटकातली : रंगाला हावेरीकडची ब्याडगी, चवीला बेळगावकडची संकेश्वरी, झणका पाहिजे तर लवंगी. सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणारे आमचे आजोबा मिरचीच्या बाबतीत कधी बोलले नाहीत. हळकुंड तेवढं घरचं. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली, हळद त्याच्या कितीतरी आधीपासून नावाजलेली.

आधी उखळ होतं, समोरासमोर दोघी, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. मग विजेवरचे डंक आले. एप्रिलमध्ये डंकावर नंबर लागतो, तोंडाला पदर बांधलेल्या बायका टोपल्या घेऊन बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. लसूण शेवटी टाकायचा, नाहीतर गोळा होतो. चक्कीवर दळलेली चटणी आई अजून चटणी मानत नाही. पीठ गरम होतं आणि वास उडतो म्हणते. मीही तिच्याच बाजूचा.

हॉटेलांच्या मेन्यूवर मात्र जे तिखट ते ‘कोल्हापुरी’. साताऱ्याच्या वाट्याला कंदी पेढा आला, सांगलीच्या वाट्याला भडंग. रस्सा आम्हीही करतो, एवढंच म्हणतो.

मापांचं अजून जुळलेलं नाही. आजीचा मिरचीचा शेर वजनाचा, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. धने मात्र चिपट्यानं, म्हणजे भरायच्या मापानं, मोजायचे. आईनं किलोत आणून हे सगळं जुन्या डायरीत लिहून ठेवलं. मिरची २ किलो, खोबरं अर्धा किलो, पुढं लसणासमोर लिहिलंय : ‘गेल्या सालापेक्षा मूठभर कमी.’ गेल्या सालचा आकडा डायरीत नाही.