मसुदा नेमका कुणाकडे अडलाय? इंटरनेटची मानकं आणि उघडी तपासणी

इंटरनेटची बरीचशी मूलभूत मानकं आयईटीएफ ही संस्था ठरवते. तिथे सभासदत्व नाही, त्यामुळे सभासद-फीही नाही, आणि मानकाचा मसुदा कुणीही वाचू शकतं. तरीही मसुदा वाचायला मिळाला म्हणजे तपासणी पारदर्शक झाली, असं होत नाही. लेखकाला तीन गोष्टी कळाव्या लागतात. मसुदा आत्ता कुणाच्या टेबलावर आहे, अडला असेल तर कुठल्या वाक्यावर, आणि तो सुटला तो कोणत्या बदलामुळे.

वाट साधारण अशी असते. त्या विषयाच्या कार्यगटात सहमती झाली की एक जण मसुद्याचा पालक म्हणून टिपण लिहितो. सहमती किती भक्कम होती, कुणी कडाडून विरोध केला का, पेटंटचे दावे जाहीर झालेत का, हे त्यात असतं. मग क्षेत्र-संचालक, म्हणजे त्या विषयक्षेत्राची जबाबदारी असलेला संचालक, मसुदा वाचतो आणि सगळ्यांसाठी 'लास्ट कॉल', म्हणजे हरकती मांडायची शेवटची हाक, निघतो. कार्यगटाच्या मसुद्याला किमान २ आठवडे मिळतात, कार्यगटाबाहेरून आलेल्याला ४. त्यानंतर आयईएसजी या संचालक मंडळासमोर मतदान होतं.

पारदर्शकतेची खरी कसोटी लागते ती या मतदानात. संचालक 'येस', 'नो ऑब्जेक्शन', 'डिसकस' किंवा 'अॅबस्टेन' नोंदवतो. हितसंबंध असेल तर 'रिक्यूझ' होऊन बाजूला राहतो. मंजुरीला किमान एक 'येस' हवा, आणि एकही 'डिसकस', म्हणजे 'आधी यावर चर्चा हवी' अशी हरकत, उभी असेल तर नेहमीच्या वाटेने मसुदा पुढे सरकत नाही. एवढा अधिकार एका माणसाच्या हाती असल्यामुळे डिसकसला अटी आहेत. कारण लेखी द्यावं लागतं आणि लेखकाला त्यावर काही करता येईल असं ते असावं लागतं. दोन वेगळ्या कंपन्यांनी याच मजकुरावरून बनवलेली सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलू शकणार नाहीत, किंवा सुरक्षेत भोक आहे, ही कारणं चालतात. 'मी हे वेगळ्या पद्धतीनं केलं असतं' हे चालत नाही. शुद्धलेखन आणि शैलीच्या सूचना साध्या टिप्पणीत जातात. बाहेरच्या परीक्षकाचा अभिप्राय स्वतः न पारखता तसाच डिसकस म्हणून चिकटवणंही अमान्य आहे, आणि हा नियम फार शहाणपणाचा आहे.

हे सगळं 'डेटाट्रॅकर' या सार्वजनिक प्रणालीत दिसतं: कुणाचं मत काय, कोणत्या तारखेचं आणि कोणत्या आवृत्तीवर. मसुद्याला उप-स्थितीही असते, म्हणजे पुढचं पाऊल कुणाचं हे सांगणारी खूण. 'रिव्हाइज्ड आयडी नीडेड' (आयडी म्हणजे मसुदा) म्हणजे चेंडू लेखकांकडे, 'एडी फॉलोअप' (एडी म्हणजे क्षेत्र-संचालक) म्हणजे संचालकाकडे. साधा खुणेचा शब्द, पण 'मी तर वाट पाहत होतो' ही दोन्हीकडची सबब त्यानं बंद होते. अर्थात, खूण बदलायला कुणी विसरलं नाही तर.

मसुद्याच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस १.३ या मानकाचा मसुदा ०० पासून २८ पर्यंत गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ म्हणून छापला गेला (आरएफसी म्हणजे आयईटीएफचा प्रकाशित दस्तऐवज). २१ आणि २२ या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. वाटेतली फायरवॉलसारखी जुनी उपकरणं नवा हँडशेक, म्हणजे जोडणी सुरू करतानाची देवाणघेवाण, ओळखू न आल्यानं जोडणीच तोडत होती. म्हणून २२ मध्ये तो वरवर आधीच्या टीएलएस १.२ सारखा दिसेल अशी तजवीज केली. अंतिम मानकात काही रकाने निरर्थक का वाटतात, याचं उत्तर तिथे सापडतं. मसुद्याची वैधता ६ महिनेच असते, पण मुदत संपलेले मसुदेही जपून ठेवल्यामुळेच हे शक्य आहे.

आता उणिवा. 'नो ऑब्जेक्शन' म्हणजे अक्षर न् अक्षर वाचलं, की विषय आपला नाही म्हणून इतरांवर विसंबलं? दोन्हीला एकच शिक्का. डिसकस मागे घेताना कोणत्या दुरुस्तीनं समाधान झालं हे पुष्कळदा लिहिलंच जात नाही. आवृत्त्यांमधला फरक पाहून ताडावं लागतं. खरं तर 'आवृत्ती १४, कलम ५.२, दुसरा परिच्छेद' एवढी एक ओळ पुरेशी असते. बैठकीबाहेर कॉरिडॉरमध्ये ठरलेली तडजोड तर तिथे हजर असलेल्यांनी टिपण पाठवलं तरच नोंदीत येते.

मंजुरीनंतरही थांबणं असतंच. मसुदा ज्या दस्तऐवजावर आधारलेला आहे तोच अपुरा असेल, तर 'मिसरेफ' अशी खूण लागून तो रांगेत राहतो. ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलमागच्या वेबआरटीसीचे मसुदे असेच एकमेकांत अडकले होते. 'क्लस्टर २३८' या नावानं कित्येक वर्षं रखडलेला तो गठ्ठा अखेर जानेवारी २०२१ मध्ये बाहेर पडला. शेवटच्या टप्प्याचं नाव 'ऑथ४८', म्हणजे लेखकांना अंतिम प्रत तपासायला ४८ तास. प्रत्यक्षात आठवडे जातात, कारण प्रत्येक लेखकाचा होकार लागतो आणि एखाद्यानं तोवर नोकरी बदलून ईमेलचा पत्ताही बदललेला असतो. कुणाचा होकार आला आणि कुणाचा बाकी आहे, याची यादी या टप्प्यातही सर्वांना पाहता येते.