आधी ज्युली भुंकली, मग रोमिओ

फेब्रुवारी २०२३. तुर्कस्तानातल्या गाझियांतेप प्रांतातलं नुर्दाई. ७.८ तीव्रतेच्या भूकंपानं पाडलेल्या एका इमारतीच्या ढिगाऱ्यात भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, ज्युली नावाची लॅब्रॅडोर शिरली आणि एका जागी थांबून भुंकू लागली. जवानांनी लगेच खणायला घेतलं नाही. त्यांनी ज्युलीला बाजूला घेतलं आणि रोमिओला सोडलं. तोही तिथंच येऊन भुंकला. मग खोदकाम सुरू झालं आणि सहा वर्षांची एक मुलगी जिवंत बाहेर आली.

हा दुसरा कुत्रा महत्त्वाचा. चुकीच्या जागी खणलं तर तास वाया जातात, आणि ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे तेवढेच असतात. एवढं शहाणपण यायला मात्र बराच काळ गेला.

या कथेची सुरुवात बहुतेक जण आल्प्सपासून करतात. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर, २,४६९ मीटर उंचीवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत मठवासी राहत. सतराव्या शतकापासून त्यांच्याकडे कुत्री होती आणि बर्फात वाट चुकलेल्यांना शोधायला ती सोबत जात. त्यांतल्या बॅरीच्या (१८००–१८१४) नावावर चाळीसहून जास्त जीव जमा आहेत. आज तो पेंढा भरून बर्नच्या संग्रहालयात उभा आहे. चित्रांत या कुत्र्यांच्या गळ्यात दिसणारं ब्रँडीचं पिंप मात्र चित्रकाराच्या कुंचल्यातून आलेलं. खऱ्या कामाला ते अडचणच झालं असतं. पहिल्या महायुद्धात कुत्र्यांनी रणांगणावरचे जखमी सैनिक शोधले. पण बर्फ काय किंवा उघडं मैदान काय, पडक्या घराखालचा माणूस शोधणं ही वेगळीच गोष्ट.

ती सुरू झाली लंडनमध्ये, आणि तीही एका बेवारशी कुत्र्यामुळं. १९४० साली जर्मन बॉम्बहल्ल्यानंतर पॉपलर भागात एका हवाई हल्ला वॉर्डनला मिश्र जातीचं, उपाशी कुत्रं सापडलं. वॉर्डननं खायला घातलं, ते त्याच्या मागं मागं फिरू लागलं आणि कोणी शिकवलं नसताना ढिगारे हुंगू लागलं. त्याचं नाव रिप. शंभराहून अधिक माणसांचा माग त्यानं काढला असं त्याच्या नावावर नोंदलं आहे. त्याचं काम पाहूनच युद्धाच्या अखेरीस अशी कुत्री मुद्दाम तयार करण्याचा विचार सरकारी पातळीवर रुजला. १९४५ साली रिपला डिकिन पदक, म्हणजे युद्धातल्या कामगिरीसाठी प्राण्यांना दिलं जाणारं ब्रिटिश पदक, मिळालं. जेट आणि इर्मा ही अल्सेशियन कुत्री त्याच्या मागून आली, शिकवून तयार केलेली. खाली माणूस जिवंत असेल तर इर्माचं भुंकणं वेगळं असे, असं सांगतात. जातिवंत कुत्र्यांचं कौतुक करणाऱ्यांनी रिपला विसरू नये, एवढंच माझं म्हणणं.

कुत्रा हुंगतो ते काय? माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत झडत असतात. त्यांचा, श्वासाचा आणि घामाचा वास फटींतून वर येतो. पोलिसांचं कुत्रं एका ठरावीक माणसाच्या वासामागं जातं. या कुत्र्यांना ‘कोणीही जिवंत माणूस’ एवढंच शोधायचं असतं. त्यांच्या लेखी तो खेळ असतो. सराव करताना कोणीतरी लपतं, सापडलं की चेंडू मिळतो. गळपट्टा सळईत अडकू नये म्हणून तो काढून ठेवतात. यंत्रं बंद, माणसं गप्प. नाक लवकर थकतं, म्हणून आळीपाळीनं विश्रांती.

स्विस लोकांनी हिमस्खलनासाठी कुत्री शिकवली होतीच. पुढं त्यांनी त्यांना काँक्रीटच्या ढिगाऱ्यांवर आणलं आणि १९७६ साली इटलीतल्या फ्रिउली भूकंपात उतरवलं. १९८५ला मेक्सिको आणि १९८८ला आर्मेनियात देशोदेशीची पथकं आली, पण ताळमेळ नव्हता. त्या गोंधळातून १९९१ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली या पथकांचा समन्वय करणारं जाळं उभं राहिलं.

आपल्याकडे १९९३ साली किल्लारी झालं, तेव्हा या कामासाठी वेगळं राष्ट्रीय दल नव्हतं. २६ जानेवारी २००१ला भूज हादरलं, तेव्हा स्विस पथक आपली कुत्री घेऊन आलं होतं. ओडिशाचं चक्रीवादळ, भूज, त्सुनामी असे तडाखे बसल्यावर २००५ साली कायदा झाला आणि २००६ साली एनडीआरएफ उभी राहिली. तिची एक बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. भूजला कुत्री बाहेरून आली होती, बावीस वर्षांनी ज्युली आणि रोमिओ इथून बाहेर गेले.

दरडीपुढे मात्र ही सगळी विद्या अपुरी पडते. घर पडलं तर स्लॅबखाली पोकळी राहते. ओल्या चिखलात पोकळीही नसते आणि वासालाही वर यायला वाट मिळत नाही. इर्शाळवाडीला जुलै २०२३मध्ये पायवाटेनं चढून गेलेल्या बचावपथकांना हेच भोवलं: चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती होते आणि ५७ जण बेपत्ता. म्हणून दरडीच्या कामाला आता मृतदेहांचा वास शिकवलेली वेगळी कुत्री लागतात. केरळ पोलिसांच्या माया आणि मर्फी या बेल्जियन मॅलिनॉइस जातीच्या दोन कुत्र्यांनी २०२४च्या वायनाड दरडीनंतर तेच काम केलं. त्यांच्या भुंकण्यानंतर जिवंत कोणी निघणार नव्हतं, पण घरच्यांना आपलं माणूस मिळणार होतं.