भुयारातला कारभार

जमिनीखाली भुयार खणायचं, खोल्या पाडायच्या आणि राहायला आलेल्या राक्षसांचं हवं-नको बघायचं, हा प्रकार रुजवला 1997 च्या 'डंजन कीपर'ने. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या बुलफ्रॉग कंपनीचा हा गेम. त्याआधी त्यांचा 'थीम पार्क' गाजला होता. त्यात गिऱ्हाईक सांभाळायचं होतं, इथे नोकरमाणसं. गुहेवर चाल करून येणारे शूरवीर इथे आपले शत्रू.

लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेल्या पीसीवर, बहुधा कॉपी केलेल्या सीडीवरून, मुंबईतल्या पोरांनी हा गेम खेळला. इम्प, म्हणजे खोदकाम करणारी छोटी भुतं, माती फोडतात, सोनं तिजोरीत आणून टाकतात. पोर्टल, म्हणजे राक्षस येण्याचं दार, ताब्यात आलं की एकेक जनावर आपणहून येतं, पण मागण्या घेऊनच: झोपायला जागा, खायला कोंबड्या, वेळेवर पगार. वॉरलॉक या जादूगाराला लायब्ररी लागते. माशी आणि कोळी यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. शेजारी झोपवले की जुंपलीच. कुणी रेंगाळलं तर माउसच्या हाताने चापट मारता येते. काम झपाट्याने होतं, पण जीवही कमी होतो आणि डोकंही फिरतं. पगार थकला तर मंडळी चालती होतात. गिरणगावातल्या खोल्या याच हिशेबावर चालायच्या: पथारीपुरती जागा, खानावळीचं जेवण, पगाराची तारीख. माझ्या मते गेमची खरी गंमत या कुरकुरीत आहे, खोदकामात नाही.

गेम आला त्याच वर्षी त्याचे कर्ते पीटर मॉलिन्यू यांनी कंपनी सोडली. दुसरा भाग 1999 मध्ये आला, तिसरा 2000 मध्ये गुंडाळला गेला. 2006 मध्ये वसाहत सांभाळायचा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा गेम आला. यातल्या बुटक्यांना तर मन आहे: एकाचा मित्र मेला की तो तोडफोड करतो, त्यात दुसरा दुखावतो, आणि बघता बघता अख्खी वसाहत बुडते.

मग 2014 चा मोबाइलवरचा 'डंजन कीपर'. मालकी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम-कंपनीकडे. खोदकामातले काही ठोकळे फोडायला 4 तास, काहींना 24. घाई असेल तर पैसे मोजा. विरारहून चर्चगेटला जाऊन परत आलात तरी एक ठोकळा हलायचा नाही. ज्या गेममध्ये पगार आपण द्यायचा, तिथे आपलीच वेळ विकायला काढली. हा शुद्ध निर्लज्जपणा होता. त्याच वर्षी ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने त्याची 'फुकट' ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली.

2015 मध्ये चाहत्यांच्या वर्गणीतून 'वॉर फॉर द ओव्हरवर्ल्ड' हा तसाच गेम उभा राहिला. खेळाडूला टोमणे मारणारा आवाज मूळ गेममधलाच, रिचर्ड रिडिंग्ज यांचा. मूळ गेम आजच्या विंडोजवर चालवायचा तर चाहत्यांचं 'कीपरएफएक्स' फुकट मिळतं; फक्त जुन्या गेमच्या फाइल्स आपल्याकडे असाव्या लागतात.