छाप पुसलेल्या ट्रान्झिस्टरचे तीन पाय

तीन पायांचा, एका बाजूने सपाट असा काळा तुकडा दिसला की 'हा ट्रान्झिस्टर, मधला पाय बेस' असं अनेकजण ठरवून टाकतात. (ट्रान्झिस्टर म्हणजे बेसवरच्या छोट्या प्रवाहाने कलेक्टर आणि एमिटर या दोन पायांमधला मोठा प्रवाह नियंत्रित करणारा पार्ट.) पण टीओ-९२ नावाच्या याच साच्यात ७८एल०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर येतो, एलएम३५ हा तापमानाचा सेन्सरही येतो. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचे पाय डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, २एन३९०४चे मात्र एमिटर-बेस-कलेक्टर. त्यामुळे नुसत्या फोटोवरून पार्ट ओळखून देण्याचा दावा करणाऱ्या ॲपवर विसंबू नका.

छाप पुसलेली असेल तर पाय मोजूनच ओळखा. त्यासाठी आधी पार्ट बोर्डवरून काढा. जागेवर मोजलं तर शेजारचे रेझिस्टर आकडा बिघडवतात. डिजिटल मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा. तीन पायांवर प्रोब सहा प्रकारे लागतात. धडधाकट सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये त्यातले दोनच प्रकार ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवतात, उरलेल्या चारांत 'ओएल', म्हणजे प्रवाह वाहत नाही. त्या दोन्ही वेळा जो पाय सामाईक, तो बेस. ट्रान्झिस्टरचे दोन प्रकार असतात: बेसवर लाल प्रोब असेल तर एनपीएन, काळा असेल तर पीएनपी.

आता एमिटर कोणता? दोन आकडे सारखे वाटतात, पण नसतात. समजा, ०.६६८ आणि ०.६६१ आले. मोठा आकडा बेस-एमिटरचा! मीटर दोन्ही जंक्शनमधून, म्हणजे बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर या सांध्यांतून, जवळपास सारखाच, साधारण १ मिलिॲम्पिअर प्रवाह सोडतो. कलेक्टरकडचं जंक्शन क्षेत्रफळाने मोठं आणि कलेक्टरमधलं डोपिंग (सिलिकॉनमध्ये मिसळलेली अशुद्धी) विरळ. एनपीएन असेल तर बेसमधले होल (धन प्रभाराचे वाहक) तिकडे सहज शिरतात, म्हणून तेवढाच प्रवाह किंचित कमी व्होल्टेजवर वाहतो. फरक काही मिलिव्होल्टचाच असतो, आणि जंक्शन १ अंश सेल्सिअसने तापलं तरी आकडा सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. बोटांची ऊब निकाल उलटा करू शकते, म्हणून ट्रान्झिस्टर चिमटीत न धरता क्लिपने धरा.

तरीही शंका उरली तर १२ व्होल्टचा सप्लाय आणि सिरीजमध्ये १० किलोओहम घ्या, आणि बेसचं प्रत्येक जंक्शन उलट्या दिशेने जोडून पाहा. एमिटर-बेस जंक्शन सहसा ६ ते ९ व्होल्टवर ब्रेकडाउनमध्ये जाऊन, म्हणजे उलटा प्रवाह वाहू देऊन, स्थिरावतं. बेस-कलेक्टर पूर्ण १२ व्होल्ट अडवून धरतं. हे काही सेकंदांतच उरका, कारण या ब्रेकडाउनने ट्रान्झिस्टरचा गेन (प्रवाह वाढवण्याची क्षमता) कायमचा घटतो.

सहातल्या एकाच जोडणीत डायोडसारखा आकडा आला, तर मॉसफेट या वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचा संशय घ्या. डार्लिंग्टनमध्ये (एकाच साच्यात जोडलेल्या दोन ट्रान्झिस्टरमध्ये) बेस-एमिटरचा आकडा दुपटीच्या आसपास जातो, पण आत रेझिस्टर असतील तर तोही फसवतो. प्रकार आणि पाय कळले तरी कमाल व्होल्टेज आणि कमाल प्रवाह यातून कळत नाहीत. मेन्सला (घरच्या वीजपुरवठ्याला) जोडलेल्या सर्किटमध्ये असा पार्ट बसवू नका.