थर्मोस्टॅट काढला म्हणून जीप थंड राहत नाही

जुनी जीप घेऊन सोलापूरहून राजस्थानकडे निघायचं म्हटलं की गॅरेजमध्ये थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिनातलं तापलेलं पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेबद्दल, हमखास सल्ला मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाका. पाणी मोकळं फिरतं, इंजिन तापत नाही." इथल्या ४२-४३ अंशांच्या उन्हात ते पटतंही. पण खरं नाही.

थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. पूर्ण उघडल्यावर पाण्याला त्याची फारशी आडकाठी उरत नाही. उलट काही इंजिनांत तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी थेट इंजिनात परत नेणारी, वाट बंद करतो. तोच काढला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत इंजिनात शिरतं आणि घाटात तापमानाचा काटा वर चढतो. पहाटेच्या गारव्यात मात्र इंजिन तापायलाच वेळ लावतं: डिझेल जास्त, धूर जास्त, झीज जास्त.

जुनी जीप तापते ती बरेचदा क्षारांनी चोंदलेल्या रेडिएटरमुळे. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं, दुसरं काय होणार! तो साफ करून घ्या, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा. फॅनबेल्ट, होज, रेडिएटर कॅपचं रबर बघा. कॅप दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. थर्मोस्टॅटचीच शंका असेल तर तो दोरीला बांधून उकळत्या पाण्यात सोडा. उघडला नाही तर नवा बसवा.