कला संग्रहालयाच्या ग्रंथालयात बसायचंय? नुसतं स्टडी सर्टिफिकेट घेऊन जाऊ नका

नववी-दहावीच्या प्रकल्पाला चित्रकलेचा विषय मिळाला की आपल्याकडचे पालक एक रविवार गाठतात, पोराला गाडीत घालतात आणि संग्रहालयाचं तिकीट काढतात. दालनं बघून होतात. ग्रंथालयाच्या दारात मात्र अडवलं जातं, कारण तिकीट दालनांपुरतंच असतं. ही ग्रंथालयं संदर्भासाठी असतात. पुस्तक घरी नेता येत नाही, तिथंच बसून वाचावं लागतं आणि बसण्यासाठीही आधी लेखी परवानगी लागते.

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांना जाण्याजोगी दोन ठिकाणं सांगतो. पहिलं सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय व ग्रंथालय, जे १९३८ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलं आणि आता महाराष्ट्र शासनाकडे आहे. दुसरं बेंगळुरूच्या माणिक्यवेलू मॅन्शनमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, हे केंद्र सरकारचं, २००९ साली सुरू झालेलं. म्हणजे शाळा एका सरकारची आणि पुस्तकं दुसऱ्या सरकारची. आपल्या मुलांची निम्मी अडचण इथंच आहे.

पात्रतेच्या ओळीत बहुधा ‘संशोधक व अभ्यासक’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून काहीजण अर्जच करत नाहीत. शाळकरी मूल अभ्यासक ठरू शकतं, पण ते कागदावर पटवून द्यावं लागतं, आणि तो कागद स्टडी सर्टिफिकेट नव्हे. मूल अमुक शाळेत शिकतं, एवढंच त्यात असतं. त्याला कुठलं पुस्तक बघायचंय, कशासाठी बघायचंय, याचा त्यात पत्ता नसतो. शिवाय आपल्याकडे ते कन्नडमध्ये मिळतं आणि पलीकडे, औंधच्या टेबलावर, ते कुणाला वाचता येत नाही. सीईटीच्या वेळी याच सर्टिफिकेटवर बीईओची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, प्रतिस्वाक्षरी लागत आली आहे, म्हणून पालक इथंही बीईओ कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. एका आईनं त्यासाठी तीन हेलपाटे घातले आणि पलीकडे तो शिक्का कुणी बघितलासुद्धा नाही. मला तेव्हा खरोखर राग आला होता, आणि कुणावर काढावा तेही कळेना.

लागतं ते शिफारसपत्र. शाळेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत किंवा औंधसाठी मराठीत, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी, संग्रहालयाच्या अभिरक्षकांच्या (क्युरेटरच्या) नावे. शिक्का कन्नडमध्ये असला तरी हरकत नाही, फक्त शाळेचं नाव आणि पत्ता पत्रात वाचता येईल असा टाइप करून घ्या. विषय, भेटीच्या तारखा, सोबत येणारे शिक्षक किंवा पालक, एवढं त्यात हवंच. मुलाचं नाव आधारवर जसं आहे तसंच पत्रात लिहा. शाळेच्या दाखल्यावर कुठं आडनाव आधी असतं, कुठं नुसतं आद्याक्षर, आणि दारातला माणूस दोन कागद शेजारी ठेवून मान हलवतो.

विषयाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण बहुतेक पत्रं इथंच पडतात. ‘राजा रविवर्मा यांची माहिती’ असं लिहिलं की उत्तर येतं, माहिती मोबाईलवर मिळेल. चूक त्यांचीही नाही. त्याऐवजी लिहा: ‘रविवर्मा (मृत्यू १९०६) आणि कोल्हापुरात जन्मलेले एम. व्ही. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांतल्या स्त्रियांची लुगडी नेसण्याची पद्धत ताडून पाहणे.’ आता कुठली कपाटं उघडायची ते ग्रंथपालाला कळतं, आणि पोरानं विचार केलाय हेही दिसतं. विषय मुलाचा मुलालाच सुचवू द्या. मास्तरांनी सांगितलेला विषय तिथं दोन प्रश्नांतच उघडा पडतो.

मुदतीचा घोळ निराळाच. ‘सात दिवस आधी अर्ज करावा’ याचा अर्थ कामाचे सात दिवस असा धरा, आणि ते पत्र तिकडे पोचल्यापासून मोजा. महाराष्ट्रातल्या बहुतांश सरकारी कचेऱ्यांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे तिथं प्रत्येक शनिवार बंद. आपल्याकडे दुसरा आणि चौथाच शनिवार सुट्टीचा, म्हणून हिशेब चुकतो. संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवारी दालनं उघडी दिसतील, पण परवानगीवर सही करणारे साहेब खुर्चीवर असतीलच असं नाही. सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे आपली दसऱ्याची सुट्टी. शाळा बंद असते आणि पलीकडची कचेरी, सणाचा दिवस सोडला तर, चालू असते. पण त्यासाठी पत्र सप्टेंबरच्या सुरुवातीलाच जायला हवं, कारण सुट्टी लागल्यावर मुख्याध्यापकांची सही मिळत नाही.

बाकी आधारची झेरॉक्स, शाळेचं ओळखपत्र असल्यास ते, पालकांचा फोन नंबर. पिशव्या बाहेर ठेवायच्या, पेन्सिल न्यायची, पेन नाही. फोटोची परवानगी वेगळी असते, तेव्हा त्याच पत्रात एक ओळ घाला, नाहीतर नवा अर्ज आणि नवे सात दिवस.

अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. ई-मेल केला असेल तर भेटीच्या आदल्या दिवशी फोन करून पत्र कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा. लाजू नका, त्यांनाही शोधायला सोपं जातं.

आत बसल्यावर मुलाला एकच सवय लावा: जे पुस्तक उघडेल त्याचा दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयानं त्या पुस्तकाला दिलेला नंबर, वहीत आधी उतरवायचा. पुन्हा जावं लागलं, आणि बहुधा लागतंच, तर त्या नंबरावर पुस्तक लगेच समोर येतं.